पुतळ्यावर चढू नये

मुलांच्या बागेत इतिहास आणायचा म्हटलं की आपल्याला आधी पुतळा सुचतो. फायबरचा मावळा, फायबरची तोफ, भोवती रेलिंग आणि पाटी: ‘पुतळ्यावर चढू नये’. आता ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांना चढण्याखेरीज दुसरं काय करायचं असतं? ती बिचारी शेजारच्या घसरगुंडीकडे पळतात, आणि घसरगुंडी सगळ्या गावांत एकच. म्हणजे इतिहास रेलिंगच्या आत, खेळ बाहेर. माझी हरकत खर्चाला नाही, या वाटणीला आहे.

खरं तर आपल्या मुलांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. दिवाळीतला किल्ला आठवा. दगडविटा रचायच्या, वर चिखलात बुडवलेलं पोतं पसरायचं, अळीव पेरायचे. तीन वर्षांचं पोर नुसता चिखल कालवतं, मधली बुरूज थापतात, थोरला दादा नाहीतर ताई दरवाजा कुठे ते ठरवते, आणि त्यावरून भांडणं होतात. वयोगटाची पाटी कुणी लावलेली नसते. कोपनहेगनजवळ एम्द्रुपला १९४३ साली मुलांना लाकडं, विटा, हत्यारं देऊन मैदान मोकळं करून दिलं, त्याचं जगभर कौतुक झालं. व्हायलाच हवं. पण आपल्या अंगणातलं आपण मोजलंच नाही, बरं का.

दिवाळीचा किल्ला मात्र काही दिवसांचा. सार्वजनिक मैदान वर्षानुवर्षं टिकायला हवं. उद्या रोह्यात कुंडलिकेकाठी तसं करायचं ठरलं, तर मी पुतळ्याऐवजी पाण्यापासून सुरुवात करीन. समोर अवचितगड आहे, त्यावर पाण्याची टाकी आहेत. डोंगरावर माणसं राहिली ती या पाण्यावर. टाकं खोदलं की पाणी साठतं आणि निघालेला दगड तटाला लागतो. एका कामात दोन कामं. हे पाटीवर लिहून मूल वाचणार नाही. पण उतरती दगडी पन्हळ, घोटाभर खोल टाकं, एक हातपंप आणि बांध घालायला सुटे दगड दिले, तर आठ-नऊ वर्षांची मुलं तासाभरात ते स्वतः शोधून काढतील. लहानगी पाण्यात थपाथप करतील, तीही तिथेच. पालक म्हणतील, कपडे भिजतात. भिजू द्यात.

आणि बारा-तेराची मुलं? त्यांना थपाथप पुरत नाही. त्यांना नियम करायचे असतात: पंप कुणी मारायचा, आधी पाणी कुणाचं, कुणाला नाही. इथे आपण सावध व्हावं, कारण हाच प्रश्न आपल्याच जिल्ह्यात महाडला चवदार तळ्यावर उभा राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह ते पाणी प्यायला गेले, कारण तिथे गुरं पाणी पीत, पण या माणसांना मनाई होती. इतिहासाच्या बागांचे आपले आराखडे तलवारीपाशी थांबतात, या तळ्यापर्यंत येत नाहीत. खेळता खेळता एखादी मुलगी विचारेल, ‘मला का नाही पाणी?’ तिथे उत्तराची पाटी लावू नका. जवळच्या मोठ्या माणसाला ते उत्तर यायला हवं.