बेने इस्रायलांचे मराठी कीर्तन : अभ्यासाच्या दिशेविषयी

यहुदी संस्कृतीचा विद्यापीठीय अभ्यास म्हटला की आपल्याकडे बेने इस्रायलांच्या उगमाचा प्रश्नच प्रथम पुढे येतो. नौगावनजीक फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, ‘शनवार तेली’ हे नाव : हायेम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेला व १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेलेला इतिहास या चर्चेचा मोठा आधार आहे. ही चर्चा निरर्थक नव्हे. विवाहाच्या बाबतीत इस्रायलमध्ये या समाजाला १९६२ ते १९६४ या काळात आपल्या यहुदीपणासाठी झगडावे लागले. तेव्हा उगम हा केवळ पुस्तकी विषय राहिला नव्हता. परंतु मराठी विभागाने तोच कित्ता किती काळ गिरवावा?

आपल्या अधिकाराची वस्तू निराळी आहे. १८८० साली मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी हरदासी पद्धतीने योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत उभी केली. त्यांना ‘अनुकरण’ म्हणून बाजूस सारणे मला मान्य नाही. ज्याच्या घरचीच भाषा मराठी, त्याने साकी-दिंडी उसनी आणली असे कसे म्हणावे?

मात्र ‘समन्वय’ हा लाडका शब्दही येथे फार उपयोगी नाही. या समाजासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण १८३२ मध्ये रचले ते मिशनरी जॉन विल्सन यांनी. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या समाजातील विद्वानांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. मग आख्यानातील ‘पाप’, ‘दया’, ‘तारण’ हे शब्द कोठले? मिशनरी बायबलातले, संतवाणीतले, की हिब्रूवरून घडविलेले? खरा समीक्षाप्रश्न हा आहे, आणि हिब्रू न शिकता तो सुटणार नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील विद्यार्थ्यांना ठाण्याचे १८७९ चे शाआर हाशामायीम सभास्थान लोकलच्या वाटेवरच आहे. त्यातही उल्हासनगरच्या सिंधी घरातील विद्यार्थ्याला हा विषय अधिक उमजेल असे वाटते. फाळणीनंतर त्याची भाषा प्रांत सोडून येथे आली, तर बेने इस्रायलांची मराठी १९४८ नंतर लोद, दिमोना, बीरशेबा येथे गेली. ती वाचणारी पिढी आता थकत चालली आहे.

पहिला प्रबंध एकाच आख्यानावर असला तरी चालेल. योसेफाचे घ्यावे : उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायापासूनचे हिब्रू मूळ, मिशनरी मराठी आणि कीर्तनाची पदे शेजारी ठेवून शब्दशः ताडून पाहता येतील.