मराठी साहित्यातील समुद्रकाठ

सोलापुरापासून समुद्र दूर. येथील वाचकास कोकण भेटते ते बहुधा दोनच मार्गांनी : सुटीतील चार दिवसांच्या सहलीत, नाहीतर पुस्तकांतून. सहलीहून तो सिंधुदुर्गाच्या तटाची आठवण आणि तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याची चव घेऊन परततो. उरलेले कोकण त्यास साहित्यानेच दिलेले असते. तेव्हा हे साहित्य समुद्राचे किती आणि केवळ काठावरचे किती, हे विचारण्याचा अधिकार आम्हां दूरस्थांसही आहे.

श्री. ना. पेंडसे यांचे स्थान ह्या विषयात निर्विवाद अग्रगण्य. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मध्ये निसर्गवर्णन आहेच, परंतु कादंबरीचे बळ त्यात नाही. सुपारीचा व्यापार बापूला गावापुढे ताठ उभा करतो. उदरनिर्वाहाचा धंदा माणसाचा स्वभाव कसा घडवितो हे पेंडशांनी दाखविले, हे त्यांचे खरे श्रेय. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) मध्ये जगबुडीच्या काठी हेच तत्त्व जमिनीच्या मालकीस लागू होते. जयवंत दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) मध्ये माणसांच्या तऱ्हा इतक्या नेमक्या टिपल्या आहेत की, हसता हसता वाचक अंतर्मुख होतो.

परंतु ह्या पुस्तकांच्या केंद्रस्थानी जाळे टाकणारा मनुष्य नाही. पेंडशांच्या मुर्डीपासून हर्णै जवळच. तेथे होड्यांतील मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते आणि वाळूतच लिलाव पुकारला जातो. मालवणकडे रापण लागते : होडीने अर्धवर्तुळाकार जाळे टाकावयाचे, दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढावयाची आणि हाती आलेल्या मासळीचे वाटे करावयाचे. साऱ्या वाडीचे भांडण आणि सलोखा त्या वाट्यांत असतो. कादंबरीस याहून अधिक काय हवे?

लेखकाने आपल्या अनुभवाबाहेर जाऊ नये, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य आहे. खोताच्या ओटीवर वाढलेल्याने खोताची ओटीच रंगवावी. आमची तक्रार लेखकापेक्षा वाचकाविषयी आहे. ओटीवरून दिसणाऱ्या समुद्रास तो सगळा समुद्र समजतो. मल्याळम भाषेत तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी १९५६ सालीच ‘चेम्मीन’ लिहून कोळ्याचे घर कथेच्या मध्यभागी आणले. ‘चेम्मीन’ म्हणजे कोळंबी. जो पदार्थ आपण पानात पाहतो, त्याच्या नावाने तेथे एक शोकांतिका उभी राहिली.

किल्ल्यांच्या इतिहासाचेही तेच. १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, हे विद्यार्थी पाठ म्हणतो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून प्रवासी आश्चर्य करतो. पण ज्या भंडारी, कोळी आणि गाबीत दर्यावर्दींनी आरमार चालविले, त्यांचे वंशज समोरच्याच किनाऱ्यावर आहेत, हे दोघांच्याही ध्यानी येत नाही.

सोलापूरकरांस हे न समजण्याचे कारण नाही. आमच्या चादरीची ख्याती दूरवर गेली. मागावर बसणाऱ्या विणकराची तितकी गेली नाही. सुपारीतून बापू उभा करणाऱ्या पेंडशांनी वाट दाखवून ठेवली आहे. त्याच वाटेने वाळूपर्यंत उतरून रापणीच्या दोराला हात घालणारी लेखणी आम्हांस हवी आहे. आणि ती त्या दोर ओढणाऱ्यांच्याच घरातून आली, तर अधिक उत्तम.