प्राचीन संस्कृतींच्या अध्यापनाचीं उद्दिष्टें : एक परीक्षण

इतिहासाचा पाठ शिकविण्यापूर्वीं शिक्षकानें त्याचीं उद्दिष्टें लिहून काढावीं, असा प्रघात आतां रूढ झाला आहे. प्रघात चांगला आहे. कोठें जावयाचें हें ठाऊक नसलेला वाटाड्या कोणास हवा? परंतु सिंधुसंस्कृतीच्या पाठासाठीं सामान्यतः लिहिलीं जाणारीं उद्दिष्टें पाहिलीं असतां त्यांचा सारा भार 'सांगणें', 'ओळखणें' व 'यादी करणें' या तीन क्रियापदांवर आढळतो. नगररचनेचीं वैशिष्ट्यें सांगितलीं, महास्नानगृह ओळखलें, व्यवसायांची यादी केली, कीं पाठ सफल झाला! हें सर्व आपणांस कशावरून कळलें, हा प्रश्न त्यांत कोठेंच येत नाहीं.

वस्तुतः ज्ञात व अनुमित यांची सीमा पदोपदीं सांभाळावी लागते असा हा विषय आहे. हरप्पा येथें १९२१ सालीं दयाराम साहनी यांनीं व मोहेंजोदडो येथें पुढील वर्षीं राखालदास बॅनर्जी यांनीं उत्खनन आरंभिलें. १९२४ च्या सप्टेंबरांत जॉन मार्शल यांनीं ही वार्ता जगास दिली. तेथील लिपि अद्याप सर्वमान्य रीतीनें वाचली गेलेली नाहीं. लेखहि तोकडे, सरासरी पांच चिन्हांचे. असें असतां १७.५ सेंटीमीटर उंचीच्या एका दगडी अर्धपुतळ्यास मुलें 'पुरोहित-राजा' म्हणून ओळखतात. पुतळा प्रत्यक्ष आहे. त्याचें पौरोहित्य व राजपद हीं दोन्ही कल्पित आहेत. मॉर्टिमर व्हीलर यांनीं ज्यास 'धान्याचें कोठार' म्हटलें, त्या इमारतीचीहि तीच कथा. तेथें धान्य सांपडलें नाहीं. नांव मात्र राहिलें.

याहून बोधप्रद उदाहरण या नगरांच्या अंताचें आहे. मोहेंजोदडोच्या रस्त्यांत व घरांत पडलेले सांगाडे आणि ऋग्वेदांतील इंद्राचें पुरंदर हें विशेषण यांची सांगड घालून व्हीलर यांनीं १९४७ सालीं आर्यांच्या आक्रमणाचा तर्क मांडला. ते सर्व सांगाडे एका काळचे नाहींत व युद्धाचा पुरावाहि दिसत नाहीं, असें जॉर्ज डेल्स यांनीं १९६४ सालीं दाखविलें. 'पुर्' या वैदिक शब्दानें भाजलेल्या विटांचीं नगरें नव्हे, तर मातीदगडांचे तट अभिप्रेत आहेत, असें विल्हेल्म राऊ यांनीं १९७६ सालीं साधार प्रतिपादिलें. एक तर्क उभा कसा राहतो व ढासळतो कसा, हें शिकविण्यास याहून चांगला पाठ मिळणें कठीण. 'ऱ्हासाचीं कारणें सांगा' या उद्दिष्टानें मात्र तो हातचा जातो.

पाठांतरास प्रस्तुत लेखकाचा विरोध नाहीं. अमरकोश मुखोद्गत केल्याविना संस्कृतांत पाऊल पडत नाहीं, तसें नांवें व काल ठाऊक असल्याविना इतिहासांतहि पडत नाहीं. परंतु तो पाया होय, मंदिर नव्हे. आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान व शब्द हीं प्रमाणें वेगळालीं ठेविलीं. हाच भेद शालेय उद्दिष्टांत यावा: प्रत्येक विधानापुढें विद्यार्थ्यानें त्याचें प्रमाण कोणतें तें लिहावें, अनुमान असल्यास हेतु सांगावा, आणि कोणती वस्तु सांपडल्यास तें अनुमान सोडावें लागेल, हेंहि सांगावें.

बारा वर्षांच्या मुलास हें झेपणार नाहीं, असा आक्षेप येईल. पण चिखलांतील पावलांवरून बैल गेला कीं घोडा, हें खेड्यांतील मूल सहज सांगतें. अनुमान त्यास नवीन नाहीं. उदाहरणासाठीं फार दूर जावयासहि नको. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं एका ग्रामस्थास खणतांना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार धातुमूर्ति सांपडल्या. त्या उत्खननाच्या थरांत सांपडल्या नसल्यामुळें त्यांच्या कालाविषयीं विद्वानांत मतभेद झाला. थर हरवला कीं अर्धी साक्ष हरवते, हें मुलांस या एका रथावरून कळेल.

छापील पुस्तकानें संशय कसा दाखवावा, याचा नमुनाहि पुण्यांतच आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत, ज्यांतील आदिपर्व सुकथनकरांनीं १९३३ सालीं पूर्ण केलें, वर संहिता, खालीं पाठभेद आणि जेथें निश्चय नाहीं तेथें नागमोडी रेघ अशी व्यवस्था आहे. त्या रेघेनें ग्रंथाची प्रतिष्ठा वाढलीच. शालेय पुस्तकांत 'पुरोहित-राजा' या शब्दांखालीं तशी रेघ कां नसावी?

हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नाहीं. ज्यांच्या घरांत पोथ्या, ताम्रपट व दप्तरें अद्याप पडून आहेत, त्यांचींच मुलें या वर्गांत बसतात. इतिहास म्हणजे तयार उत्तरें असेंच तीं शिकलीं, तर उत्तर छापून झाल्यावर जुन्या कागदाचें मोल रद्दीइतकेंच उरेल. कागद हें प्रमाण आहे, हें ज्यास कळलें तो तो जपेल. याकरितां संग्राहकांनीं आपल्या एखाद्या पोथीच्या दोन पानांची नक्कल पाठभेदांसह जवळच्या शाळेस द्यावी, अशी सूचना करून हें परीक्षण पुरें करितों.