सूज नाही, तरी गर्दी

मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेत वाढणारा, टी-पेशी या प्रकारच्या लिम्फोसाइटचा (पांढऱ्या रक्तपेशींचा) कर्करोग. त्याची सुरुवातीची स्लाइड पहिल्या नजरेला फारसं काही देत नाही. हिमॅटॉक्सिलीन-इओसिनने रंगवलेला त्वचेचा छेद. खाली गुलाबी तंतू, वर बाह्यत्वचेचा जांभळट पट्टा, अधूनमधून लिम्फोसाइट. इसबातही असंच दिसतं. या स्लाइडचा रस दुसऱ्या वाचनात उतरतो.

इसबात लिम्फोसाइट वर चढतात तेव्हा सोबत पाणीही झिरपतं. बाह्यत्वचेच्या पेशी एकमेकींपासून सुटतात, थर फुगतो. इथे लिम्फोसाइट वर आल्या आहेत, पण सूज जवळजवळ नाही. हे विषम प्रमाण हेरणं म्हणजेच ही स्लाइड वाचणं. तळच्या थरात त्या पंगतीला बसल्यासारख्या ओळीने दिसतात, प्रत्येकीभोवती रिकामं कडं. केंद्रकं गडद, वळ्यावळ्यांची. कुठे त्यांचा दाट पुंजका जमतो, तो पोत्रिएचा मायक्रोॲब्सेस. तो सापडला तर निदानाला मोठं बळ मिळतं. मात्र सुरुवातीच्या कित्येक स्लाइडींत तो नसतोच.

म्हणून जाणता पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवरून नजर काढून रुग्णाकडे वळतो. चट्टे नितंबांवर, मांड्यांवर, उन्हापासून झाकलेल्या जागी आहेत का? टी-पेशींवरची सीडी७ ही खूण हरवली आहे का? या पेशी एकाच मूळ पेशीची संतती आहेत, असं जनुकचाचणी सांगते का? २००५ साली मांडलेल्या गुणपद्धतीत रुग्णाचं रूप आणि स्लाइड यांना प्रत्येकी दोनपर्यंत, तर इतर दोन चाचण्यांना एकेक गुण आहे. निदानाला चार लागतात. एकटी स्लाइड कितीही बोलकी असली तरी पुरत नाही.

पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयातल्या डॉक्टर आलिबेरने १८०६ साली पाहिला तो या रोगाचा शेवटचा अंक, आळंबीसारख्या गाठी. चट्टे, जाड चकत्या, गाठी हा क्रम १८७० साली फ्रेंच डॉक्टर बाझँने लावला. आज पहिल्याच अंकात रोग ओळखता येतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो तिथेच वर्षानुवर्षं रेंगाळतो.

सावळ्या कातडीवर, विशेषतः लहान वयात, हे चट्टे फिकट उमटतात. आपल्याकडे ते कोड किंवा कुष्ठरोग समजले जातात. मलमांना दाद न देणारा असा चट्टा अंगावर असेल आणि डॉक्टर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बायोप्सी मागत असतील, तर नाही म्हणू नका.