हुशार मुलाने आयटीआयला का जाऊ नये?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतील निर्वात यंत्रणेने दोन दिवस आमची परीक्षा पाहिली. पंप व्यवस्थित चालू होता, पण नळ्यांमधील दाब एका पातळीच्या खाली उतरेना. कुठेतरी गळती होती. आम्ही तिघे जण, तिघेही डॉक्टरेट मिळवलेले, एकेक जोड आवळून पाहत होतो. शेवटी वर्कशॉपमधील फिटरना बोलावले. कशालाही हात लावण्यापूर्वी त्यांनी विचारले, ‘‘शेवटचं काय उघडलं होतं?’’ मग त्यांनी यंत्रणेच्या मधली झडप बंद केली आणि गळती कोणत्या अर्ध्या भागात आहे ते पाहिले. त्या भागाचे पुन्हा दोन भाग केले. चौथ्या खेपेला एका जोडातील रबरी कडे त्यांनी बाहेर काढले. त्यावर एक केस अडकलेला होता. सगळे मिळून चाळीस मिनिटे लागली.

आधीची माहिती गोळा करायची, तर्क बांधायचा, तो तपासता येईल अशी कृती करायची आणि चुकीच्या शक्यता एकेक करून वगळायच्या, यालाच आपण वर्गात वैज्ञानिक पद्धत म्हणून शिकवतो. ती वापरणारे हे गृहस्थ दहावीनंतर आयटीआयला गेले होते. आपल्या शाळांच्या भाषेत सांगायचे तर ते ‘हुशार मुलांपैकी’ नव्हते.

हा प्रसंग आठवण्याचे कारण म्हणजे दोन अमेरिकन पुस्तके. माइक रोझ यांचे ‘द माइंड अ‍ॅट वर्क’ 2004 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मॅथ्यू क्रॉफर्ड यांचे ‘शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट’ 2009 मध्ये. पुस्तके आता नवी राहिलेली नाहीत. परंतु दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आपल्यापुढे जो प्रश्न येतो त्याचीच चर्चा त्यांत आहे. म्हणून शिक्षकांच्या नजरेतून ती पुन्हा तपासावीत असे आम्हांला वाटले.

रोझ शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची आई उपाहारगृहात वाढपी होती आणि पुस्तकाची सुरुवात तिच्यापासूनच होते. एकाच वेळी अनेक टेबलांवरची मागणी लक्षात ठेवायची, स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या एका फेरीत किती कामे बसतील याचा हिशेब करायचा, कोणते गिऱ्हाईक चिडण्याच्या बेतात आहे हे ओळखायचे, आणि हे सगळे चालता चालता. स्मरण, नियोजन आणि निरीक्षण यांची ही कसरत रोझ एखाद्या मानसशास्त्रज्ञाच्या बारकाईने उलगडतात. पुढे केशरचनाकार, प्लंबर, सुतार, वीजतंत्री आणि वेल्डर येतात. ‘हाताचे काम’ आणि ‘डोक्याचे काम’ ही विभागणीच खोटी आहे, हे त्यांचे म्हणणे उपदेशातून येत नाही. ते कामाच्या तपशिलातून सिद्ध होते, आणि हेच या पुस्तकाचे बळ आहे.

क्रॉफर्ड यांची वाट वेगळी. पदवी भौतिकशास्त्राची, डॉक्टरेट शिकागो विद्यापीठाची राजकीय तत्त्वज्ञानातली. त्यानंतर वॉशिंग्टनमधील एका संस्थेत मोठ्या पदाची नोकरी मिळाली, ती त्यांनी पाच महिन्यांत सोडली आणि मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीत डोक्याला जितके काम मिळाले तितके त्या कार्यालयात मिळाले नाही, असे ते सांगतात. त्यांचा मुद्दा सोपा आहे. गाडी सुरू होते किंवा होत नाही. तिथे शब्दांची सारवासारव चालत नाही. शिवाय दूरदेशी बसलेला माणूस तारेवरून अहवाल पाठवू शकेल, पण तुमच्या घरातला तुंबलेला नळ मोकळा करू शकणार नाही. म्हणून कुशल कारागिराची गरज सहजासहजी संपणार नाही.

इथपर्यंत आम्ही दोन्ही लेखकांशी सहमत आहोत. आता मतभेदाकडे वळू.

पहिली शंका क्रॉफर्ड यांच्याविषयी. डॉक्टरेट मिळाल्यावर पाना हातात घेणारा माणूस आणि सोळाव्या वर्षी पाना हातात घ्यावा लागणारा मुलगा यांची निवड एकसारखी नसते. पहिल्याचे दुकान बुडाले तर त्याला दुसरे दार उघडे आहे. शिवाय क्रॉफर्ड स्वतःच्या दुकानाचे मालक होते. कारागिरीतील जे स्वातंत्र्य ते वर्णन करतात ते बरेचसे मालकीचे स्वातंत्र्य आहे. ठेकेदाराकडे रोजावर काम करणाऱ्या वेल्डरला ते कुठून मिळणार? यंत्रे आणि माणसे दोन्ही बारकाईने पाहणारा हा लेखक मजुरी, अपघात आणि म्हातारपण यांच्याजवळ मात्र फारसा थांबत नाही. त्याचे जगही बहुतांशी पुरुषांचे आहे. रोझ यांच्या पुस्तकात ही उणीव नाही.

रोझ यांच्याविषयीची शंका वेगळी आहे. कारागिराची बुद्धी ओळखली म्हणजे त्याला न्याय मिळाला, असे पुस्तक मिटताना वाटू लागते. पण आदराने पोट भरत नाही. आणि खुद्द रोझ यांचे आयुष्य काय सांगते? शाळेत असताना चाचणीच्या गुणांची अदलाबदल झाली आणि ते चुकून व्यवसाय शिक्षणाच्या तुकडीत पडले. दोन वर्षांनी जीवशास्त्राच्या शिक्षकांच्या ही चूक लक्षात आली, म्हणून ते बाहेर पडले. त्या शिक्षकांनी डोळे उघडे ठेवले नसते तर हे पुस्तक लिहिले गेले नसते. त्या तुकडीतील इतर मुलांच्या बाबतीत कोणाची चूक झाली होती का, हे मात्र कोणी तपासले नाही.

आमच्या मते खरा दोष तुकड्या पाडण्यात आहे. अमेरिकेत 1917 साली स्मिथ-ह्यूज कायदा झाला आणि व्यवसाय शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. त्यातून सर्वांसाठी हस्तव्यवसाय आणि काहींसाठी वेगळे व्यवसाय शिक्षण असे दोन प्रवाह झाले. कारखान्यात विचार आणि कृती यांची जी फारकत झाली होती ती शाळेतही आली, हे क्रॉफर्ड यांचे विवेचन पुस्तकातील सर्वांत मोलाचे आहे. आपल्याकडे 1937 साली वर्ध्याला मांडलेल्या नयी तालीमचा आग्रह याच्या उलट होता: हस्तोद्योग सर्व मुलांसाठी, आणि तेच इतर विषय शिकण्याचे माध्यम. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, ती मात्र शाळेबाहेर. आयटीआयचे दार आणि महाविद्यालयाचे दार रस्त्याच्या दोन बाजूंना राहिले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2025 पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असे उद्दिष्ट ठेवले. तरीही कोणती मुले कोणत्या दाराने जातात हे आपण सारे जाणतो.

इथे आपल्या समाजाची एक गोष्ट दोन्ही अमेरिकन लेखकांच्या विचारात येणे शक्य नव्हते. आपल्याकडे शतकानुशतके धंदा जन्माने ठरत आला. त्यामुळे ‘कारागिरीत प्रतिष्ठा आहे’ हे वाक्य सुताराच्या मुलाला ऐकवताना आपण फार जपले पाहिजे. ते वाक्य आधी डॉक्टरांच्या आणि प्राध्यापकांच्या मुलांना ऐकवावे. स्वतःच्या मुलाला जो सल्ला आपण देणार नाही, तो दुसऱ्याच्या मुलाला देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

उलट दिशेची चूक आमच्या हातून झालेली आहे. एका तालुक्याच्या शाळेत व्याख्यानाला गेलो असताना दहावीचा एक मुलगा भेटला. जळालेल्या मोटारी खोलून पुन्हा गुंडाळण्याचा त्याला छंद होता. तो आयटीआयला जावे म्हणत होता. गुण चांगले होते. आम्ही सहज बोलून गेलो, ‘‘इतका हुशार मुलगा आयटीआयला कशाला?’’ मुख्याध्यापकांनी मान डोलावली. मुलगा विज्ञान शाखेला गेला, रखडत बी.एस्सी. झाला, काही वर्षे नोकरी शोधत राहिला आणि तिशीच्या आसपास एका नातेवाइकाच्या वर्कशॉपमध्ये वाइंडिंगचे काम शिकू लागला. पुढे योगायोगाने भेट झाली. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्याने एवढेच विचारले, ‘‘सर, तेव्हा तुम्ही आयटीआय आतून पाहिली होती का?’’

आम्ही पाहिली नव्हती. दोन रस्त्यांपैकी एकच ठाऊक असलेल्या माणसाने वाट दाखवली होती.

शिक्षकमित्रांनो, म्हणून ‘पदवी की कसब?’ या प्रश्नाला आम्ही सरसकट उत्तर देणार नाही. उत्तर मुलागणिक बदलेल. पण प्रश्न नीट विचारता यावा यासाठी तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, निवड करण्यापूर्वी चव घेऊ द्यावी. ज्या मुलाने कधी करवत धरली नाही, मल्टिमीटर पाहिला नाही, त्याने पदवी ‘निवडली’ असे म्हणता येत नाही. नववीतच मुलामुलींना जवळच्या आयटीआयमध्ये आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, दोन्हीकडे एकेक दिवस न्यावे. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 पासून हाताने काम करत शिकण्याचा जो प्रयोग उभा केला, तो शिक्षकांनी अवश्य पाहावा. दुसरी, परतीची वाट दाखवावी. आयटीआयनंतर पदविकेच्या आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची तरतूद आहे. पालकांना ती ठाऊक नसेल तर आयटीआय म्हणजे कायमची बंद गल्ली वाटते. तिसरी, हिशेब मांडावा. त्या धंद्यात पहिल्या वर्षी काय मिळते, दहा वर्षांनी काय, दुखापत झाली तर काय, हे गावातील पाच कारागिरांना आणि पाच पदवीधरांना मुलांनीच जाऊन विचारावे. गणिताच्या तासाला याहून चांगला प्रकल्प मिळणार नाही.

दोन्ही पुस्तके वाचनीय आहेत. एकच वाचणे शक्य असेल तर रोझ यांचे वाचावे. त्यात माणसे अधिक आहेत. मात्र वाचून झाल्यावर ते मिटून ठेवावे आणि आपल्या वर्गातल्या मागच्या बाकाकडे नीट पाहावे. रोझ यांच्या त्या शिक्षकांनी एवढेच केले होते.