‘वाहक’ शब्दाची मर्यादा : तांबड्या रक्तपेशी आणि कर्करोगावरील औषधे

शास्त्रीय परिभाषेतील शब्द निवडताना तो सुबोध आहे की नाही, एवढेच बहुधा पाहिले जाते. तो वस्तुस्थितीपेक्षा अधिक काही सांगून जातो काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तांबड्या रक्तपेशींत कर्करोगावरील औषध भरून त्या शरीरात सोडण्याच्या पद्धतीविषयी मराठीत लिहिताना ‘वाहक’ हा शब्द सहज सुचतो. त्याची चिकित्सा या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

‘वाहणे’ हे क्रियापद मराठीत दुहेरी आहे. पाणी वाहते तेव्हा ते अकर्मक असते; त्यात हेतू नसतो. हमाल ओझे वाहतो तेव्हा ते सकर्मक होते, आणि ओझे कोठे उतरावयाचे हे हमालास ठाऊक असते. ‘पेशी औषध गाठीपर्यंत वाहून नेते’ या वाक्यात पहिल्या अर्थाची वस्तुस्थिती दुसऱ्या अर्थाच्या वेषात अवतरते.

वस्तुस्थिती अशी की, तांबड्या पेशीस केंद्रक नसते आणि सुमारे १२० दिवस ती रक्तप्रवाहाबरोबर फिरत राहते. सौम्य क्षारद्रावणात ती फुगते, तिच्या आवरणास सूक्ष्म छिद्रे पडतात व औषध आत शिरते; क्षारांचे प्रमाण पूर्ववत केले की आवरण मिटते. इहलर, ग्लू व शनूर या अमेरिकन संशोधकांनी १९७३ मध्ये या मार्गाने विकरे पेशीत भरून दाखविली. परंतु अशी पेशी आपण होऊन अर्बुदाचा शोध घेत नाही. प्रक्रियेत इजा पोहोचलेल्या पेशी तर प्लीहा व यकृत यांतच अडविल्या जातात.

अ‍ॅस्परॅजिनेज या विकराचे उदाहरण अधिक बोलके आहे. काही कर्कपेशींना अ‍ॅस्परॅजिन हे अ‍ॅमिनो आम्ल रक्तातून मिळवावे लागते. विकर तांबड्या पेशीत बंदिस्त केले म्हणजे रक्तातील अ‍ॅस्परॅजिनच आत येऊन विघटित होते. येथे पेशी काहीच पोहोचवीत नाही. उलट कर्कपेशीचे अन्न तोडते. शिवाय या विकराचा प्रस्थापित उपयोग तीव्र रक्तकर्करोगात होतो, आणि तेथे ‘गाठ’ हा शब्दही लागू पडत नाही. एकाच वाक्यातील क्रियापद व कर्मस्थान ही दोन्ही अशा रीतीने चुकतात.

याउलट, मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून सिद्ध झालेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ या उपचारात रुग्णाच्या टी-पेशींवर विशिष्ट ग्राही बसविलेला असतो. तो ‘सीडी-१९’ हे प्रथिन ओळखतो. तेथे ‘ओळखणे’ या क्रियापदास वास्तवाचा आधार आहे. दोन्ही उपचारांस एकच भाषा लावल्यास हा भेद वाचकापासून लपतो.

रूपकाशिवाय विज्ञान सांगता येत नाही, असा आक्षेप येईल. आणि तो रास्तही आहे. एस.टी.च्या परिभाषेतही वाहक व चालक ही पदे भिन्न आहेत, म्हणजे मराठीत वाहकाकडे दिशा ठरविण्याचे काम नाही, असेही म्हणता येईल. परंतु ‘गाठीपर्यंत’ आणि ‘थेट’ हे शब्द जोडले जाताच वाहकाचा चालक होतो. दोष नामाचा तितका नाही, जितका त्यामागून येणाऱ्या क्रियापदाचा व क्रियाविशेषणाचा आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. फ्रान्समधील एरिटेक या कंपनीचे याच तत्त्वावरील औषध स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत आशादायक ठरले होते. पाचशेहून अधिक रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ते आयुर्मान वाढवू शकले नाही. ‘थेट पोहोचते’ असे वाचलेल्यास हे अपयश समजणारच नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोगनोंदणी चालू आहे. नोंदवहीतील प्रत्येक नावामागे उपचाराविषयी मराठीतच ऐकणारे व विचारणारे एक कुटुंब असते. त्याच्या आशेचे माप शब्दांनी ठरते.

म्हणून ‘औषधवाहक’ऐवजी ‘औषधधारक पेशी’ हा शब्द योजणे अधिक युक्त होय. पेशी औषध धारण करते, त्याचे रक्षण करते, ते सावकाश सोडते किंवा आतल्या आत कार्यास लावते; एवढेच सिद्ध आहे आणि तेवढेच भाषेने म्हणावे.