रोज हरे त्याला कोण डरे? : खलनायकांचा दरारा आणि माझं फसलेलं गृहीतक



"कॉमिक्समधले शक्तिशाली खलनायक वारंवार हरतात, म्हणून त्यांचा दरारा कमी होतो."

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यातलं हे गृहीतक. गाइड मॅडमनी त्याखाली रेघ मारली आणि शेजारी एकच शब्द लिहिला, "कशावरून?" खरं सांगते, मला रागच आला. इतकी उघड गोष्ट! आपल्याकडे म्हणच आहे, रोज मरे त्याला कोण रडे. मग रोज हरे त्याला कोण डरे? यात सिद्ध काय करायचं?

त्या एका शब्दाचं उत्तर शोधण्यात माझे तीन महिने गेले, आणि शेवटी गृहीतकच पडलं. ते कसं पडलं हे आज सांगणार आहे. विषय कॉमिक्सचा असला तरी 'उघड वाटणाऱ्या' गृहीतकाचं काय होतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना उपयोगी पडेल.

आधी गॅलॅक्टस

मी सुरुवात केली गॅलॅक्टसपासून. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फँटॅस्टिक फोर'च्या अंक ४८ ते ५० मध्ये, म्हणजे १९६६ साली, हा ग्रह खाणारा महाकाय प्राणी आणला. अंक ४८ मध्ये तो दिसतो फक्त शेवटच्या पानावर. त्याआधी दिसते ती त्याच्या येण्याची धास्ती. विश्वातल्या घडामोडी नुसत्या पाहायच्या, त्यांत पडायचं नाही, अशी शपथ घेतलेला वॉचर पृथ्वी लपवण्यासाठी धडपडतो. एवढा मोठा साक्षीदार घाबरला म्हटल्यावर येणारा कोण असेल, याचा अंदाज वाचक आपणच बांधतो.

पुढे गॅलॅक्टस येतो तो वैर म्हणून नाही, तर भूक म्हणून. माणसं त्याच्या लेखी मुंग्या. नायकांचे फटके त्याला लागतही नाहीत. शेवटी जॉनी स्टॉर्म एक विध्वंसक अस्त्र घेऊन येतो, रीड रिचर्ड्स ते उगारतो आणि सौदा होतो. गॅलॅक्टस निघून जातो, पण जाताना बंड करणाऱ्या आपल्या अग्रदूताला, सिल्व्हर सर्फरला, पृथ्वीवर कैद करून जातो.

हाच गॅलॅक्टस २०१५ साली 'द अनबीटेबल स्क्विरल गर्ल'च्या चौथ्या अंकात येतो तेव्हा नायिका त्याच्याशी गप्पा मारते, मैत्री करते आणि त्याच्या जेवणाची दुसरीकडे सोय लावून देते. १९६६ ते २०१५ : ग्रहभक्षक ते पाहुणा. माझं गृहीतक इथे अगदी फिट बसत होतं.

मग मोजणी, आणि पहिला धक्का

मी एक्सेल शीट उघडली. रकाने साधे : खलनायक, अंक, वर्ष, हरला की जिंकला. पराभवांचा आकडा वर जाईल तसा दरारा खाली येईल, असं मी धरून चालले होते.

पहिला धक्का दिला जोकरने. १९४० च्या 'बॅटमॅन' अंक १ मध्ये तो आला तो खुनी म्हणून. त्याच अंकात त्याला मारून टाकायचं ठरलं होतं, पण संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी तो जिवंत असल्याचं दाखवणारी चौकट घालायला लावली. पुढे १९५४ मध्ये कॉमिक्स कोड आला, हिंसेवर बंधनं आली आणि जोकर बरीच वर्षं चोऱ्या आणि खोड्या करणारा विदूषक होऊन राहिला. १९७३ मध्ये डेनी ओ'नील आणि नील ॲडम्स यांनी 'बॅटमॅन' अंक २५१ मध्ये त्याला पुन्हा खुनी केलं, आणि दरारा परत आला.

आता माझी शीट बघा. जोकर १९४० च्या दशकात हरत होता, १९५० च्या दशकात हरत होता आणि १९७३ मध्येही हरला. पराभवांचा आकडा फक्त वाढतच गेला. दरारा मात्र चढला, उतरला आणि पुन्हा चढला. एक गोष्ट सतत वाढते आणि दुसरी खाली-वर होते, तर पहिली दुसरीचं एकमेव कारण कशी असेल?

आगपेटीची काडी

दुसरा धक्का जास्त मजेशीर आहे. १९८१ मध्ये 'अनकॅनी एक्स-मेन'मध्ये डॉक्टर डूम आणि आर्केड नावाचा एक भाडोत्री मारेकरी एकत्र येतात. त्यात आर्केड काय करतो? डूमच्या चिलखतावर काडी ओढून पेटवतो. आणि डूम ते चालवून घेतो.

जॉन बर्न हे लेखक-चित्रकार तेव्हा 'फँटॅस्टिक फोर' करत होते. १९८३ च्या अंक २५८ मध्ये त्यांनी दाखवलं की तो डूम खरा नव्हताच, यंत्रमानव होता. खरा डूम त्याला नष्ट करतो.

मी हा प्रसंग 'पराभव पुसण्याचं उदाहरण' म्हणून नोंदवायला गेले आणि थांबले. इथे काय पुसलं? पराभव नाही, अपमान! डूम हरला याचं बर्न यांना फारसं काही नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या कथांतही तो हरतोच. खटकली ती काडी. म्हणजे डूमच्या अंगाला हात लावला आणि पुढे काहीच झालं नाही, ही गोष्ट.

गृहीतक बदललं : पराभव नव्हे, किंमत

तेव्हा शीटमध्ये नवा रकाना घातला : 'या भेटीची किंमत कोणी मोजली, आणि ती किती काळ टिकली?'

आणि चित्र बदललं. १९६६ च्या कथेत पृथ्वी वाचते, नायकांपैकी कोणी मरत नाही. मग दरारा कशाचा? सर्फर बघा. त्याची कैद पुढच्या अंकात विसरली जात नाही. १९६८ मध्ये सुरू झालेली त्याची स्वतंत्र मालिका याच कैदेच्या दुःखावर उभी आहे, आणि या कैदेतून तो कायमचा सुटतो तो १९८७ च्या नव्या मालिकेत. गॅलॅक्टस तीन अंकांत निघून गेला, पण त्याने केलेली जखम एकवीस वर्षं उघडी राहिली.

याहून पक्का पुरावा बर्न यांच्याच अंकांत मिळाला. १९८२ मध्ये, अंक २४२ ते २४४ मध्ये, गॅलॅक्टस भुकेने खंगलेला आहे. नायक त्याला चक्क पाडतात. माझ्या जुन्या गृहीतकाप्रमाणे इथे त्याचा दरारा संपायला हवा. पण रीड रिचर्ड्स मरणाऱ्या गॅलॅक्टसचा जीव वाचवतो, आणि पुढच्या वर्षी अंक २५७ मध्ये तोच गॅलॅक्टस स्क्रल लोकांचा राजधानीचा ग्रह खाऊन टाकतो. त्यासाठी अंक २६२ मध्ये रीडवर खटला भरतात. म्हणजे गॅलॅक्टसच्या सर्वांत ठळक पराभवानंतरच त्याचा दरारा वाढला, कारण आता किंमत दिसत होती.

(तो खटला मात्र मला फसलेला वाटतो. गॅलॅक्टस विश्वाला आवश्यकच आहे, असा साक्षात्कार सगळ्यांना होतो आणि रीड सुटतो. ज्याला विश्वाची मान्यता मिळाली त्याच्याविषयी आदर वाटेल, पण भीती कशी वाटेल? जे मेले त्यांच्या बाजूने बोलणाराच मग उरत नाही.)

तर माझं दुसरं गृहीतक असं : खलनायकाचा दरारा त्याच्या ताकदीत नसतो, त्याच्या येण्याने जे मोडतं ते किती काळ मोडलेलं राहतं यात असतो. अंबर्तो इको यांनी १९६२ मध्येच सुपरमॅनवरच्या निबंधात दाखवलं होतं की अशा कथांमध्ये काळ धूसर ठेवला जातो. मागच्या कथेत काय झालं याचा पुढच्या कथेवर भार पडू द्यायचा नसतो, कारण नायक 'खर्च' होता कामा नये. इकोंचा रोख नायकावर आहे. मी एवढंच पुढे जोडते की नायक खर्च होत नाही, म्हणून खलनायक खर्च होतो. जग दर महिन्याला दुरुस्त होऊन मिळत असेल, तर ते मोडणाऱ्याला कोण भिणार?

स्क्विरल गर्लचा विनोद याच शिल्लक नावावर चालतो. 'गॅलॅक्टस' म्हटल्यावर मोठं काहीतरी आठवतं, म्हणून त्याची मैत्री गमतीची वाटते. हा विनोद मला आवडतो. पण तो जुन्या भांडवलावर आहे, आणि असं भांडवल पुन्हा पुन्हा वापरता येत नाही.

आणि मग खरा प्रश्न

इथे मी खूश होऊन दुसरा मसुदा घेऊन गेले. मॅडमनी पुन्हा एकच प्रश्न विचारला, "किंमत कोण देतं?"

रकाना तर मीच घातला होता, पण नीट वाचला नव्हता. वाचल्यावर पोटात गोळा आला. सर्फर, स्क्रल लोक. दरवेळी किंमत देणारा बाहेरचा. पृथ्वी शाबूत.

मग जोकरकडे परत गेले. १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये तो बार्बरा गॉर्डनला गोळी घालतो आणि तिचे पाय जातात. ती किंमत २०११ पर्यंत टिकली. माझ्या सूत्राप्रमाणे हे दराऱ्याचं उत्तम उदाहरण. पण त्या कथेत बार्बरा आहे कशासाठी? तिच्या वडिलांना आणि बॅटमॅनला छळण्यासाठी. तिचं स्वतःचं म्हणणं तिथे जवळजवळ नाहीच. पुढे इतर लेखकांनी तिला 'ओरॅकल' म्हणून उभं केलं, ते वेगळं. त्याच काळात जोकरने मारलेला जेसन टॉड मात्र २००५ मध्ये परत आला. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये हे मान्य, पण गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये नेमकी अशा स्त्री-पात्रांची यादी केली होती, ज्यांना पुरुष-नायकाच्या कथेला धार यावी म्हणून मारलं किंवा जायबंदी केलं गेलं.

म्हणजे 'खलनायकाचा दरारा टिकवा' ही वाचकांची मागणी साधी नाही. ती मीही वर्षानुवर्षं करत होते. ती मागणी पुरी होते ती कोणाच्या तरी अंगावर, आणि बहुतेक वेळा मुखपृष्ठावर ज्याचं नाव नाही त्याच्या. दरारा का जातो, हा माझा जुना प्रश्न. आता प्रश्न असा आहे : दरारा टिकतो तेव्हा तो कोणाच्या खर्चाने टिकतो? माझा प्रबंध आता यावर आहे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

१. गृहीतकातला मुख्य शब्द मोजायचा कसा, ते आधी लिहा. 'दरारा' मी मोजलाच नव्हता, पराभव मोजले होते, कारण ते मोजायला सोपे होते.

२. गृहीतकाला जुळणारं उदाहरण पहिल्या दिवशी सापडतं. न जुळणारं मुद्दाम शोधा. माझा जोकर मला पहिल्या आठवड्यात सापडायला हवा होता.

३. आधीच्या अभ्यासकाचं नाव नुसतं सजावटीला घेऊ नका. इको नायकाबद्दल बोलतात, मी खलनायकाबद्दल. या दोहोंमधलं अंतर हीच माझी जागा. तुमची जागा एका वाक्यात सांगता येते का ते बघा.

४. कोसळलेलं गृहीतक फेकू नका. माझ्या पहिल्या प्रकरणात ते तसंच्या तसं आहे, मॅडमच्या "कशावरून?" सकट.

तुमच्याही सिनॉप्सिसवर कोणी असा एक शब्द लिहिला असेल, तर रागावून झाल्यावर त्याचं उत्तर शोधायला लागा. तीन महिने जातील, पण मसुदा दुसरा असेल.